कायद्याला पुरेल एवढा विमा

वाहन नोंदणी कार्यालयाच्या तळमजल्यावर सहा खिडक्या होत्या आणि चौथ्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे चौकटबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण दोन खिडक्यांच्या मधली भिंत म्हणजे नुसता पत्रा. बाईंच्या कानावर ते कधीच आलं होतं. त्यांना राग नव्हता. नाव बरोबरच होतं.

गाडीची नोंद करायची किंवा वर्षाचा कागद पुढे वाढवायचा तर आधी विम्याची पॉलिसी दाखवावी लागे, आणि ती नसली की लोक ती काढून घ्यायला खिडकी चारवर येत. बाई एखादा बिघडलेला अर्ज पालथा घालायच्या आणि पेनानं तीन चौकटी काढायच्या. तुमच्या गाडीनं एखाद्या माणसाला लागलं, तर त्या एका माणसासाठी जास्तीत जास्त पहिल्या चौकटीतले पैसे. एकाच अपघातात बऱ्याच जणांना लागलं, तर सगळ्यांना मिळून दुसऱ्या चौकटीतले. समोरच्याची गाडी, भिंत, कुंपण, दुकानाची काच, जे काही मोडलं ते तिसऱ्या चौकटीतून.

"आणि माझ्या गाडीचं काय?" हा प्रश्न ठरलेला.

"तुमच्या गाडीचं काही नाही. तुम्हाला लागलं तर तुमचंही नाही. हा विमा समोरच्यासाठी."

मग माणूस असा चेहरा करायचा, जणू बाईंनीच त्याच्या खिशात हात घातला. एकदा एका ट्रकवाल्यानं विचारलं होतं, "बाई, समोर कुणी नसलंच तर? मी आपला जाऊन खांबावर आदळलो, तर?"

"मग खांब समोरचा," बाई म्हणाल्या. हे उत्तर पुढे कितीतरी दिवस कार्यालयभर फिरत होतं.

ही बावीस वर्षांपूर्वीची, निदान पहिल्या काही वर्षांची गोष्ट. तेव्हा बाई प्रत्येकाला नीट बसवून सांगायच्या की कायदा मागतो ते कमीत कमी. या चौकटी मोठ्या करता येतात, हप्ता थोडा वाढतो. समोरच्याचं नुकसान चौकटीच्या बाहेर गेलं, तर उरलेलं तुमच्याकडून वसूल होऊ शकतं, तुमच्या घरातून, तुमच्या पगारातून. नंतर गाड्या वाढल्या, रांग दारापर्यंत गेली आणि दर माणसामागे किती मिनिटं लागतात ते वरच्या मजल्यावर मोजलं जाऊ लागलं. चौकटी लहान होत होत नखाएवढ्या झाल्या. "याहून मोठा घेऊ का?" असं कुणी विचारलंच, तर बाई एवढंच म्हणायच्या, "कायद्याला एवढं पुरतं." त्यात खोटं काही नव्हतं.

बाईंचे यजमान फरशी बसवायचे. मिस्त्री म्हणूनच सगळे त्यांना ओळखत. तीस वर्षं त्यांनी गुडघ्यांवर काढली होती, लोकांच्या न्हाणीघरांत आणि स्वयंपाकघरांत. बाई जितक्या कमी बोलणाऱ्या, तितके मिस्त्री बोलघेवडे. फरशी बसवताना ते फरशीशीही बोलत. एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि दोन महिन्यांतून एकदा घरी यायची.

एका मंगळवारी सकाळी मिस्त्रींनी आपली व्हॅन एका दवाखान्यासमोर रस्त्याच्या कडेला लावली. आतलं न्हाणीघर करायचं होतं. मागचं दार उघडून ते फरशांचा खोका ओढत होते. तेवढ्यात वळणावरून एक लहानशी निळी गाडी आली. चालवणारे एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते, सत्तरीच्या घरातले. डोळ्यांवर ऊन आलं, समोर व्हॅन दिसली आणि त्यांनी ब्रेक समजून दुसऱ्याच पेडलवर पाय दाबला. मिस्त्रींचा उजवा गुडघा गाडी आणि व्हॅन यांच्यामध्ये सापडला.

फोन मिस्त्रींच्या जोडीदारानं केला. पंधरा वर्षं दोघं मिळून कामं घेत होते. बाईंनी फोन कानाशी धरून सगळं ऐकलं, "बरं" म्हटलं, समोरच्या माणसाच्या कागदावर शिक्का मारला, कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पुढचे." रांगेतली पुढची बाई खिडकीशी येऊन उभी राहिली तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला उठायचंय.

इस्पितळात सर्जननं कागदावर गुडघा काढून दाखवला. वाटीचे चार तुकडे, खालच्या हाडाला दोन भेगा. किमान तीन शस्त्रक्रिया. पाय वाचेल, वाकेल की नाही ते आत्ताच सांगता येणार नाही. बाईंनी दोनच प्रश्न विचारले, सही कुठे करायची आणि भेटायची वेळ कोणती. सर्जननं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

नणंद मात्र दोघींच्या वाटचं रडत होती. बाहेरच्या बाकावर तिनं बाईंचे खांदे धरून हलवले. "वहिनी, अहो रडा तरी! असं दगडासारखं बसू नका."

"रडते," बाई म्हणाल्या, आणि औषधांची चिठ्ठी घेऊन जिना उतरून खाली गेल्या.

त्यांनी प्रयत्नही करून पाहिला. इस्पितळाच्या स्वच्छतागृहात दार लावून उभ्या राहिल्या, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं डोळे उघडले तेव्हा त्यांना एवढंच जाणवलं की इथली फरशी वाकडी बसवली आहे. एका कोपऱ्यात कमी, दुसऱ्यात जास्त. मिस्त्रींना दाखवायला हवं.

अकराव्या दिवशी विमा कंपनीचा दावे पाहणारा अधिकारी भेटायला आला. चाळिशीचा, सभ्य, काखेत फाइल. अपघात करणाऱ्या मास्तरांची पॉलिसी त्याच्याच कंपनीची होती. मुलगी रजा टाकून आली होती. तिघं इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये बसली. बाई काय काम करतात ते अधिकाऱ्याला माहीत नव्हतं आणि बाईंनी सांगितलं नाही. म्हणून तो अगदी सुरुवातीपासून समजावू लागला.

"हे बघा ताई, गाडीवाल्याकडे कायद्यानं सांगितलेला कमीत कमी विमा आहे. त्यात तीन मर्यादा असतात."

आणि त्यानं वहीच्या पानावर एकाखाली एक तीन रेघा मारून त्यांवर आकडे लिहिले. बाई ऐकत राहिल्या. बरं सांगत होता. मध्ये मध्ये थांबत होता, समजलं का विचारत होता. आपण पूर्वी असंच सांगायचो, असं बाईंना वाटलं, आणि ते वाटणंही कुणा दुसऱ्याबद्दल असावं तसं लांबून वाटलं.

"एका माणसाची जी मर्यादा आहे," अधिकारी म्हणाला, "ती परवाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत संपली."

"संपली म्हणजे?" मुलीनं विचारलं. "बाबांची तिसरी शस्त्रक्रिया राहिलीय. पुढे सहा महिने व्यायाम आहेत. काम बंद आहे, ते वेगळंच."

"ते कळतंय मला."

"आणि ही दुसरी रेघ? यात तर दुप्पट पैसे दिसताहेत. हे कुणी वापरलेच नाहीत ना?"

अधिकारी उत्तर द्यायच्या आत बाईंनीच सांगितलं. "ते सगळ्यांना मिळून असतात. पण प्रत्येकाला पहिल्या आकड्याएवढेच. जखमी एकच असला तर दुसरा आकडा नुसता कागदावर."

"म्हणजे आणखी कुणाला लागलं असतं तर?"

"त्याचे त्याला मिळाले असते. बाबांना नाही."

मुलगी आईकडे बघतच राहिली. अधिकारीही बघू लागला. मग त्यानं घसा साफ करून विचारलं, "तुमच्या व्हॅनचा विमा कुठला आहे? त्यात समोरच्याचा विमा अपुरा पडला तर घरच्या माणसाला भरपाई मिळेल, असं वाढीव कलम घेतलं असलं, तर तिथून बरंच निघेल. व्हॅनची दुरुस्तीही होईल, कारण तिसऱ्या मर्यादेत आतल्या फरशांचे आणि व्हॅन आदळून मोडलेल्या दवाखान्याच्या कठड्याचेच पैसे जेमतेम बसताहेत."

"किमान," बाई म्हणाल्या.

"काय?"

"आमचाही किमानच आहे. नुसता समोरच्यासाठी. वाढीव कलम नाही."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. मग त्यानं फाइलमधून मास्तरांच्या पॉलिसीची प्रत काढून त्यांच्यापुढे सरकवली, तुमच्याकडे एक असू द्या म्हणाला. बाईंनी ती उलटसुलट पाहिली. उजव्या कोपऱ्यात, खाली, पॉलिसी देणाऱ्याची सही होती. त्यांचीच. शेवटचं अक्षर अर्धवट उमटलं होतं, पेनातली शाई संपत आली असावी. बाई त्या अर्धवट अक्षराकडे पाहत राहिल्या.  त्यांनी प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.

त्यांना तो दिवस आठवत होता. आठवायला काही कष्टच पडले नाहीत. मास्तर दरवर्षी यायचे, खिशात रंगीत पेन्सिलींचे तुकडे घेऊन. गेल्या खेपेला त्यांनी खिडकीच्या भोकापाशी वाकून विचारलं होतं, "बाई, आता वय झालंय माझं. याहून थोडा मोठा घ्यावा का?" मागे दारापर्यंत रांग होती. एक मूल रडत होतं. बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं. मास्तर "मग बरं" म्हणाले, आभार मानून निघून गेले.

तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मिस्त्रींना घरी आणलं. पलंग बाहेरच्या खोलीत, खिडकीला लागून ठेवला. पाय लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत सरळ, उशीवर. तोंड मात्र सुटं होतं. येईल त्याला ते सर्जनच्या कामातल्या चुका सांगत. "इतके खिळे? अहो, मी एवढ्या खिळ्यांत छप्पर उभं केलं असतं!" बघायला आलेले लोक हसत. बाई स्वयंपाकघरातून पाणी आणून ठेवत. कामावर जाणं, येणं, औषधं, आंघोळ घालणं, सगळं वेळच्या वेळी चाललं होतं. बाईंचं जेवणसुद्धा, भूक लागली म्हणून नव्हे, वेळ झाली म्हणून. नणंद म्हणायची, वहिनी म्हणजे यंत्र आहेत हो. कौतुकानं म्हणायची की भीतीनं, ते तिचं तिलाच ठाऊक.

एका रविवारी सकाळी मास्तर घरी आले. पायीच आले, गाडी त्यांनी विकून टाकली होती. दारात त्यांना पाहून मुलीच्या कपाळावर आठी पडली, पण मिस्त्रींनी आतून हाक दिली, "येऊ दे गं त्यांना. मला काय लाथ मारता येणार आहे?"

मास्तर खुर्चीच्या कडेला टेकले.  मग बाई पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि मास्तर उठून उभे राहिले.

"तुम्ही खिडकीवरच्या ना?"

"हो."

"तुम्हीच ना सांगितलं होतंत, कायद्याला पुरतं म्हणून." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "मला वाटलं, कायद्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार."

 मुलीनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. मास्तर पाणी पिऊन, मिस्त्रींचे हात दोन्ही हातांत धरून, मला जे देता येईल ते देतो म्हणाले. त्यांच्याकडे देण्यासारखं काय होतं? एक खोली, तिला लागून गच्ची, आणि पेन्शन. हे त्यांनीच न विचारता सांगितलं.

ते गेल्यावर मुलगी उसळली. "आई, हे खरं? यांची पॉलिसी तू काढलीस?"

"हो."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

 बाई पेला हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग मिस्त्री म्हणाले, "आपल्या व्हॅनचा पण हिनंच काढलाय ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

"कमीत कमीवालाच?"

"हो."

"मग मास्तराला काय वेगळं केलंस? घरच्यासारखंच वागवलंस की."

आणि ते हसले. मुलीला हसू आलं नाही. बाईंनाही नाही, पण त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. इतक्या आठवड्यांत बाई त्या पलंगावर बसल्या नव्हत्या, नुसत्या त्याच्याभोवती फिरत होत्या.

पुढच्या आठवड्यात प्रश्न उभा राहिला सहीचा. पहिल्या मर्यादेतले सगळे पैसे द्यायला कंपनी तयार होती. ते सगळे इस्पितळाच्या देण्यातच जाऊन मिस्त्रींच्या हाती काही उरणार नव्हतं. आणि अट अशी की ते घेतले तर मास्तरांवर पुढे कुठलाही दावा लावायचा नाही. मुलीनं एका वकिलाला विचारून ठेवलं होतं. सही केली नाही, तर उरलेल्या नुकसानासाठी मास्तरांना न्यायालयात खेचता येईल. खोली विकायला लावता येईल.

"बाबा, तुमचा गुडघा गेलाय," मुलगी म्हणाली. "तुमची रोजीरोटी गेलीय. हा कायद्यानं तुमचा हक्क आहे."

"आहेच. कोण नाही म्हणतंय?"

"मग?"

"मग म्हाताऱ्याला बाहेर काढून त्याची खोली घेऊन मी काय करू? तिथली फरशी बदलायला तरी गुडघा पाहिजे ना!"

"सगळ्याची चेष्टा करू नका!" मुलीचा आवाज फुटला.

 चेहऱ्यावरचं हसू उतरलं तेव्हा मिस्त्री एकदम वयस्कर दिसले. "चेष्टा नाही करत गं," ते म्हणाले. "चिडायचा मी प्रयत्न करून पाहिला. रोज दुपारी करतो. तो म्हातारा समोर आला की जमतच नाही." मग बाईंकडे वळून, "तू काय म्हणतेस?"

बाईंनी स्वतःच्या आत डोकावून पाहिलं तर तिथे राग नव्हता, दया नव्हती, अपराधीपणाही नव्हता. लोक म्हणतात तसं मन घट्ट केलंय, असंही नव्हतं. नुसतं सुन्न, बधिर इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसं. त्या म्हणाल्या, "तुमचा पाय आहे. तुम्ही ठरवा."

मिस्त्रींनी सही केली. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परत गेली, बाबांच्या पाया पडून, आईशी जेमतेम बोलून. स्टँडवर बाईंनी तिला पाण्याची बाटली दिली. ती तिनं घेतली. आठ दिवसांनी तिचा फोन आला, तो मात्र आईलाच आला, आणि बाबांचा व्यायाम नीट चाललाय का एवढंच विचारायला आला.

खिडकी चारवर बाई पुन्हा सगळं सांगू लागल्या. ठरवून नव्हे. एका दिवशी एक परिचारिका पहिल्यांदाच गाडी घेऊन आली होती. ती म्हणाली, "कमीत कमीवाला द्या," आणि बाईंच्या तोंडून निघालं, "बसा जरा." त्यांनी पूर्ण पान भरून चौकटी काढल्या. कुठली कशी संपते, संपल्यावर कुणाच्या दारात काय येऊन पडतं, स्वतःसाठी कुठलं कलम घ्यायचं, सगळं सांगितलं. त्यांचा आवाज एकसुरी होता, जाहीर सूचना वाचावी तसा. परिचारिकेनं मोठा विमा घेतला. तिच्या मागच्या माणसानं नाही घेतला. "भीती घालू नका हो बाई," तो म्हणाला. पाचांतला एखादा ऐकायचा. काही हप्ता ऐकूनच कान झाकायचे, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. सगळ्यांना परवडतं असं थोडंच आहे?

रांग पुन्हा दाराबाहेर गेली. वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. वरिष्ठ बाई वयानं लहान होत्या, अवघडून बोलल्या. "तुमच्या घरी काय झालंय ते आम्हाला माहीत आहे. पण दर माणसाला अकरा मिनिटं म्हणजे फार होतात."

"पूर्वी बारा लागायची," बाई म्हणाल्या.

महिनाअखेरीस त्यांना खिडकीवरून काढून मागच्या खोलीत जुन्या फाइलींवर बसवलं. पगार तोच. खिडकीवर नवा माणूस आला, झरझर काम करणारा. बाईंनी जाण्यापूर्वी तीन चौकटींचं एक स्वच्छ पान लिहून त्याच्या काचेखाली ठेवलं. त्यानं ते काढून टाकलं नाही, एवढं खरं.

मिस्त्रींचा गुडघा वाकला नाही. पाय काठीसारखा सरळ राहिला. दहाव्या महिन्यात जोडीदार घरी येऊन म्हणाला, "तुझ्याशिवाय माझे कोपरे जुळत नाहीत. तू नुसता बसून सांग, मी वाकतो." कमाई निम्म्यावर आली, पण मिस्त्री रोज सकाळी चेपलेल्या मागच्या दाराच्या व्हॅनमध्ये जोडीदाराशेजारी बसून बाहेर पडू लागले.

एका शनिवारी बाईंना अर्धी सुटी होती. मिस्त्री डबा घरीच विसरले होते, तो घेऊन त्या कामावर गेल्या. तिसऱ्या मजल्यावर एका रिकाम्या घरात दोघांचं काम चाललं होतं. मिस्त्री दारापाशी उंच स्टुलावर बसले होते, पाय समोर आडवा पसरलेला, आणि जोडीदार येता-जाता त्या पायावरून टांग टाकून जात होता, बोलणं न थांबवता.

"थांब, तिथे पाय ठेवू नकोस, ओलं आहे!" मिस्त्री बायकोवर ओरडले. "त्या खोक्यांवर बस. आणि सांग याला, तिसरी ओळ तिरकी चाललीय की नाही?"

बाई खोक्यांवर बसल्या, मान वाकडी करून पाहिलं. "तिरकी आहे," म्हणाल्या.

"बघ! खिडकीवरच्या माणसाला दिसतं आणि तुला दिसत नाही."

जोडीदार कुरकुरत फरशी उचकटू लागला. सिमेंटचा ओला वास येत होता. बाईंनी डबा उघडला, मिस्त्रींना द्यायला म्हणून, आणि एक घास स्वतःच्या तोंडात घातला. मग दुसरा. मग तिसरा. मिस्त्री काही वेळ पाहत राहिले.

"अगं, मला ठेव काहीतरी," ते म्हणाले.

"भूक लागलीय," बाई म्हणाल्या, आणि खात राहिल्या.